दशमीचे पहिले काम

विजयादशमीच्या सकाळी बेंगळुरूच्या शिवाजीनगरची ती गल्ली निसरडी असते. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, दुकानादुकानासमोर आणि वाहनावाहनासमोर कुंकवाने माखलेले कोहळे फोडलेले असतात. त्यांचा लगदा अजून रस्त्यात पडलेला असतो, चाकांखाली चिरडलेल्या लिंबांचा वास हवेत रेंगाळत असतो आणि केळीचे खुंट बांधलेल्या रिक्षा लग्नघरातून निघाल्यासारख्या डुलत जात असतात. कारखाने मात्र स्तब्ध असतात. नवमीला पूजेत बसलेले हत्यार दशमीची उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचे नाही, हा तेथला नियम. आणि तो मोडणारा मनुष्य त्या गल्लीत अद्याप जन्माला यायचा आहे.

देवाप्पांच्या गॅरेजात या नियमाला एक पुस्ती होती. उत्तरपूजेनंतर जे पहिले काम हाती घ्यायचे, ते हत्यारावरचे कुंकू न पुसता करायचे. कुंकू कामात झिजून जावे, फडक्याने जाऊ नये. हा पाठ देवाप्पांनी आपल्या वडिलांकडून घेतला होता. वडील निपाणीजवळच्या एका खेड्यात बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवीत असत. देवीने हातात ठेवलेले हत्यार पुसून घेणे म्हणजे प्रसादावर फुंकर मारून तो खाणे, असे ते म्हणत. वडील गेले, बैलगाड्या गेल्या. देवाप्पा बेंगळुरूस येऊन मोटारींच्या स्प्रिंगा आणि शॉकअप बदलू लागले, त्यालाही आता एक पिढी लोटली. पण दशमीचे पहिले काम त्यांच्याकडे कुंकवासकटच होत आले.

काम करणारे हात मात्र आता त्यांचे नव्हते. साठी उलटल्यावर त्यांच्या बोटांना कंप सुटला, तेव्हापासून गाडीखाली धाकटा भाऊ मंजुनाथ जात असे. वडील वारले तेव्हा मंजुनाथ रांगत होता. त्याला देवाप्पांनीच वाढवले, आणि त्याच्या हातात पहिला पानाही त्यांनीच दिला. थोरल्याचे अन् धाकट्याचे, असे दोन्ही संसार आज मंजुनाथच्या दोन हातांवर उभे होते. हे घरात कोणी बोलून दाखवीत नसे. दर सकाळी मंजुनाथ गाडीखाली शिरला की देवाप्पांचे ओठ नकळत हलू लागत, एवढेच.

यंदाच्या पहिल्या कामाची गाडी श्वेता नावाच्या मुलीची होती. मूळची पुण्याची, महादेवपुऱ्यात एका कंपनीत नोकरीला. कुठल्याशा खड्ड्यात गाडी आदळून मागच्या उजव्या चाकावरची स्प्रिंग खालच्या वेढ्याशी मोडली होती. नवी स्प्रिंग येऊन पडली होती. सकाळीच ती गॅरेजात येऊन एका स्टुलावर बसली होती.

"काका, दुपारपर्यंत नक्की होईल ना? संध्याकाळी आईला एअरपोर्टवरून पिकअप करायचंय."

"व्हतंय की. पहिला मान तुमच्या गाडीला. प्रसाद घ्या आधी," असे म्हणून देवाप्पांनी तिच्या हातावर चुरमुरे आणि खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

भिंतीशी चौरंगावर देवीची तसबीर होती. तिच्यापुढे पाने, हातोड्या, जॅक आणि टॉमी म्हणजे ती लोखंडी पहार, अशी सारी हत्यारे ओळीने मांडलेली होती. मधोमध होते स्प्रिंग दाबण्याचे दोन शिकंजे. शिकंजा म्हणजे हातभर लांब आट्यांचा दांडा आणि त्यावर वर एक, खाली एक अशा दोन वाकड्या दाढा. दोन्ही दाढा स्प्रिंगेच्या वेढ्यांत अडकवायच्या आणि दांडा पान्याने पिळत न्यायचा. दाढा एकमेकींजवळ येतात आणि त्यांच्यामधली स्प्रिंग मिटत जाते. मिटलेल्या स्प्रिंगेत केवढे बळ कोंडलेले असते, हे ज्याने एकदा तिचा फटका पाहिला त्यालाच समजते.

मंजुनाथची पत्नी महानंदा हिने यंदा पूजेची मांडणी मोठ्या आवडीने केली होती. कोरडे कुंकू लोखंडावर टिकत नाही, वाऱ्याने उडते, म्हणून तिने हळद, कुंकू आणि चंदन तुपात मळून त्या लेपाने प्रत्येक हत्यार सजवले होते. शिकंज्यांच्या चारही दाढा तिने आतूनबाहेरून अशा रंगवल्या होत्या की त्या देवीच्याच हातांतल्या आयुधांसारख्या शोभत होत्या. देवाप्पांनी काल तिचे कौतुकही केले होते.

अक्षता टाकून त्यांनी हत्यारे किंचित हलवली. उत्तरपूजा झाली. मंजुनाथने शिकंजे उचलले, दाढेवरून अंगठा फिरवला आणि खिशातले फडके काढले.

"अण्णा, दाढा तेवढ्या पुसतो. तूप लागलंय बघ."

"पुसायचं न्हाई."

"बाकीचं राहू दे की. दांडा राहू दे. दाढा तेवढ्या."

"पहिलं काम हाय, मंजू. देवीनं दिलंय ते तसंच घ्यायचं."

"देवी काय स्प्रिंग दाबत न्हाई, अण्णा. दाढा दाबत्यात."

आतून महानंदा म्हणाली, "न्हाणीतनं आल्यावर अंग पुसा म्हटलं तर पुसत न्हाईत. आनि हितं बरी पुसायची हौस!"

श्वेता खुदकन हसली. मंजुनाथही हसला. त्याने देवाप्पांच्या मुद्रेकडे एकदा पाहिले. त्या मुद्रेवर वाद नव्हता, निर्णय होता. फडके त्याने परत खिशात घातले.

"सरी," तो म्हणाला, म्हणजे बरे.

गाडीचा मागचा भाग पूजेच्या आधीच दोन स्टँडांवर उचललेला होता. उजवे चाकही तेव्हाच काढून ठेवले होते. मंजुनाथने पुठ्ठा अंथरला, अंग टाकले आणि लोअर आर्मखाली, म्हणजे स्प्रिंग ज्या लोखंडी भुजेवर उभी असते तिच्याखाली, जॅक लावला. मग एक शिकंजा स्प्रिंगेच्या बाहेरच्या अंगाला आणि दुसरा आतल्या अंगाला, असे समोरासमोर अडकवले. बाहेरचा थोडा पिळायचा, मग आतला थोडा; पुन्हा बाहेरचा. यात घाई चालत नाही आणि पक्षपातही चालत नाही. एक बाजू जास्त मिटली की स्प्रिंग वाकडी होते.

वेढे हळूहळू एकमेकांजवळ आले. देवाप्पा शेजारी उकिडवे बसून पाहत होते. एकदा त्यांना आतल्या शिकंज्याची वरची दाढ वेढ्यावर किंचित तिरपी झाल्यासारखी वाटली. बोलावे असे त्यांच्या मनात आले. पण दाढ तशीच राहिली आणि त्यांनी शब्द गिळला.

मंजुनाथने शॉकअपचा खालचा बोल्ट काढला, मग आर्मचा. जॅक सैल केला. आर्म खाली गेली आणि मिटलेली स्प्रिंग तिच्या वाटीतून मोकळी झाली. आता तिला धरून ठेवणारे जगात दोनच शिकंजे होते.

"आली बघा ताई तुमची स्प्रिंग," असे म्हणत मंजुनाथने उजवा हात पुढून आणि डावा हात स्प्रिंगेच्या मागून घातला. फिरवून बाहेर काढायची, एवढेच उरले होते.

सुपारी फुटावी तसा बारीक आवाज झाला.

मंजुनाथने श्वास आत घेतल्याचे ऐकू आले आणि तो श्वास बाहेर पडलाच नाही.

"काय झालं रे?"

"अण्णा." आवाज अगदी हलका होता, झोपलेल्या मुलाजवळ बोलावे तसा. "हलू नको. कुणी गाडीला हात लावू नका."

देवाप्पांनी मान खाली घातली. आतल्या शिकंज्याची वरची दाढ आपल्या वेढ्यावरून घसरून बाजूला सरकली होती. आतले अंग उघडल्याबरोबर स्प्रिंग धनुष्यासारखी आत फुगली होती, आणि तिच्या फुगवट्यात व चासीच्या जाड पट्टीमध्ये मंजुनाथचे डावे मनगट सापडले होते. त्याचा चेहरा स्प्रिंगेपासून वीतभरही दूर नव्हता.

"निघतंय का?"

"न्हाई. वढलं तर ती सुटंल. अजून सरकालीय, अण्णा. मला हाताला कळालंय."

ज्याने आयुष्यभर लोखंडाच्या सोबत दिवस काढले, त्याचे मन भीतीच्या पाठोपाठ कामाकडेही वळते. ओढायचे नाही. शिकंजा सैल करायचा नाही. खाली आधार नसताना सैल केला तर स्प्रिंग मिळेल त्या वाटेने निघेल, आणि पहिली वाट मंजुनाथच्या तोंडावरून होती. उपाय एकच होता. आर्म पुन्हा वर आणायची, स्प्रिंगेचे खालचे टोक वाटीत बसवायचे आणि वरखाली दोन्हीकडून तिला दाबून धरायचे. तसे झाले तर फुगवटा सरळ होईल, मनगट सुटेल. पण तोवर ती दाढ टिकली पाहिजे.

"महानंदा!"

ती दारात आली आणि जागच्या जागी थिजली. तिने नवऱ्याचा हात पाहिला, चेहरा पाहिला.

"रडू नको," देवाप्पा म्हणाले. "रडाय नंतर वेळ हाय. ती गाड्या वढायची साखळी दे, खुंटीवरची. आनि जॅकपाशी बस. दांडा मी सांगीन तवाच दाबायचा. मी थांब म्हटलं की थांबायचं. स्वल्प स्वल्प. कळालं?"

"व्हय, भावजी."

"ताई, तुम्ही." श्वेता उभी राहिली होती, तिच्या हातातले चुरमुरे खाली सांडले होते. "तुमच्या मोबाइलची बत्ती लावा आनि ती इथं धरा. आनि डोळे त्या स्टँडवर. गाडी स्टँडवरनं उचलायली असं दिसलं की ओरडा. दुसरीकडं बघू नका."

"ओके. ओके काका. पण आपण फायर ब्रिगेडला वगैरे..."

"ते येस्तवर ही थांबत न्हाई."

साखळी घेऊन देवाप्पा गाडीच्या मागच्या बाजूने पाठीवर आत सरकले. कैक वर्षांनी ते गाडीखाली शिरत होते. डोक्याच्या मागे फरशी, कपाळावर लोखंड. बत्तीच्या उजेडात ती दाढ त्यांना प्रथमच पुरी दिसली. तिचे निम्मे अंग वेढ्यावर होते, निम्मे अधांतरी. आणि धातूवर धातू ज्या जागी टेकायला हवा, नेमक्या त्या जागी पिवळ्याकेशरी लेपाचा एक पातळ, तुकतुकीत थर होता. दाबाने पिळवटून तूप कडेला मण्यासारखे गोळा झाले होते.

ते पाहत असतानाच दाढ तिळभर सरकली.

"अण्णा, हात घालू नको," मंजुनाथ स्प्रिंगेच्या पलीकडून म्हणाला. त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला त्याचा हात मोकळा नव्हता. "तुझा बी सापडला तर दोघं बी इथंच."

"गप."

"तुझी बोटं थरथरत्यात."

"थरथरू देत. साखळी ओवायला चालत्यात."

साखळी ओवायची म्हणजे वरच्या वेढ्यातून आत घालून खालच्या वेढ्यातून बाहेर ओढायची, अशी की स्प्रिंग सुटलीच तर साखळीत अडेल. त्यासाठी हात वेढ्यांमध्ये न्यावा लागणार होता. देवाप्पांनी साखळीचे टोक चिमटीत धरले. बोटे खरोखरच थरथरत होती, साखळीच्या कड्या एकमेकींवर किणकिणत होत्या, आणि त्या किणकिणीला महानंदेचा तोंडात दाबलेला हुंदका साथ करीत होता. पहिल्यांदा टोक वेढ्याला आपटून परत आले. दुसऱ्यांदाही. मंजुनाथने डोळे मिटून घेतले.

त्या क्षणी देवाप्पांना, कोठून कोण जाणे, वडिलांचा घण आठवला. दशमीच्या सकाळी वडील घणाच्या डोक्याला कुंकू लावीत. डोके लालभडक होई. पण दांड्याला त्यांनी कधी बोट लावले नाही. जिथे मूठ बसायची तो भाग ते कोरडाच ठेवीत, वर राखेने चोळून घेत. 'न पुसता' हे शब्द तेवढे देवाप्पांनी जन्मभर जपले होते. काय रंगवायचे आणि काय कोरडे ठेवायचे हा विवेक वडिलांच्या हातात होता; तो शब्दांत आलाच नव्हता, म्हणून मुलापर्यंत पोचला नव्हता.

साखळीचे टोक आत गेले. त्यांनी ते खालून पकडले, ओढले, दोन्ही टोकांना आकडा घातला.

"झालं. महानंदा, दांडा. एकदा."

जॅक कुरकुरला. आर्म वर आली.

"परत. निधान, निधान. सावकाश."

पुन्हा कुरकुर. आर्मची वाटी स्प्रिंगेच्या मोडक्या टोकाजवळ आली, पण टोक वाटीच्या काठावरच टेकले. आणखी वर नेले असते तर स्प्रिंग काठावरून उलथली असती आणि मनगटावरचा भार दुप्पट झाला असता.

"थांब! थांब म्हटलो न्हवं!"

"थांबलेय, भावजी, थांबलेय."

"टॉमी दे. मागनं सरकव."

लोखंडी पहार फरशीवरून घरंगळत त्यांच्या कुशीला लागली. तिचे टोक मोडक्या वेढ्याला लावून त्यांनी रेटा दिला. स्प्रिंग सरकेना. वर दाढ पुन्हा सरकली. या वेळी आवाजही झाला, दातावर दात घासल्यासारखा. मंजुनाथच्या तोंडून प्रथमच कण्हणे बाहेर पडले.

"मंजू, बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काय बी बोल. गप ऱ्हाऊ नको."

"ह्या ताईंच्या आईचं विमान किती वाजता हाय, इचार. उशीर व्हईल म्हणून सांगून ठेव."

श्वेता हसण्याऐवजी रडू लागली. पण तिची नजर स्टँडवरून ढळली नाही, हे देवाप्पांना तिच्या हातातल्या स्थिर उजेडावरून कळले. त्यांनी पाय मागच्या डाव्या चाकाला टेकवले, साऱ्या अंगाचे ओझे पहारीवर घातले. मोडके टोक काठावरून घसरले आणि वाटीत बसले.

"दांडा!"

कुरकुर.

"अजून!"

आर्म स्प्रिंगेला वर ढकलू लागली. फुगवटा कमी होतो आहे की नाही, हे देवाप्पांना दिसेना. त्यांचे डोळे दाढेवर होते. ती आता केवळ टोकाने वेढ्याला धरून होती. तिचे सुटणे आणि मनगटाचे सुटणे यांत कोणते आधी, एवढाच प्रश्न उरला होता. ओठ हलवायची सवय असलेल्या त्या माणसाला त्या वेळी देवीचे नावही सुचले नाही.

"अजून एकदा."

"काका!" श्वेता किंचाळली. "काका, उचलली! स्टँडवरून गाडी वर आलीय, मला खालून उजेड दिसतोय!"

महानंदेचा हात दांड्यावरच गोठला. आणखी उचलली आणि गाडी स्टँडवरून कलली, तर खाली दोघेही होते. पण ज्या गोष्टीला भ्यायचे तीच गोष्ट देवाप्पा डोळ्यांत प्राण आणून शोधत होते. गाडी उचलली जाते याचा अर्थ तिचे ओझे स्प्रिंगेवर आले. स्प्रिंग आता दोन्हीकडून दाबली गेली होती.

"थांब तिथंच. सोडू नको. मंजू, काढ हात!"

"निघंना."

"काढ म्हणतो!"

"बोटं वळंनात, अण्णा. हाताचं कळंचना झालंय. फट पडलीय, पन हात माझा न्हाईच असं वाटालंय."

देवाप्पांनी पहार टाकली. स्प्रिंग आणि चासी यांच्यामध्ये आता दोन बोटांची जागा झाली होती. त्यांनी आपला तळवा त्या फटीत घातला, भावाच्या निर्जीव मुठीला मागून धरले आणि लेकराला उंबऱ्याबाहेर लोटावे तसे पुढे लोटले. घड्याळाचा पट्टा अडकला. पुन्हा लोटले. पट्टा तुटला. हात पलीकडे निघाला.

"आला! आला भाईर!" महानंदा ओरडली.

देवाप्पांनी तळवा मागे ओढला आणि दाढ सुटली. खण्णकन साखळी ताणली, गाडीला एक हिसका बसला, वरून मातीचा धुरळा त्यांच्या डोळ्यांवर पडला. मग सर्व शांत झाले. स्प्रिंग वाटीत होती. साखळीत बांधलेल्या जनावरासारखी, पण जागच्या जागी.

ते बाहेर सरकले तेव्हा मंजुनाथ भिंतीला टेकून बसला होता. मनगटाभोवती वेढ्याचा काळानिळा ठसा उमटला होता आणि हात फुगत चालला होता. महानंदेने तो हात स्वतःच्या मांडीवर घेतला होता; त्याला कोठे धरावे हे न कळून ती नुसती त्याखाली दोन्ही तळवे पसरून बसली होती.

"मूठ वळ," देवाप्पा म्हणाले.

चार बोटे हलकेच हलली. अंगठा हलला नाही.

"अंगठा."

"बसू दे की जरा अण्णा, आत्ताच तर..."

"अंगठा हलव, मंजू."

अंगठा हलला नाही. श्वेताने मोबाइल काढला. "मी रिक्षा बुक करते. जवळचं हॉस्पिटल कुठलं? पण काका, असं अचानक सुटलं कसं?"

मंजुनाथने थोरल्या भावाकडे पाहिले, मग बायकोकडे. "जुना झालाय शिकंजा," तो म्हणाला. "दात झिजलेत त्येचे. बदलायचाच होता."

महानंदेने तसबिरीकडे वळून हात जोडले. "देवीनंच राखलं ग बाई. काल येवढं मनापासनं केलं, तेच कामाला आलं."

देवाप्पांना वाटले, हे असेच राहू द्यावे. धाकट्याने पदर पसरून दोघांनाही झाकले होते. त्या पदराखाली सर्वांची सोय होती: तिची श्रद्धा राहत होती, त्यांचा शब्द राहत होता. पण पुढची दशमी येणार होती, आणि त्या दशमीलाही कोणाचा तरी हात त्या फटीत जाणार होता.

"जुना न्हाई झालेला," ते म्हणाले. "तुपानं सुटला. दाढेला लेप होता."

महानंदेने स्वतःच्या बोटांकडे पाहिले. नखांच्या कडांना हळदीचा रंग अजून होता. "म्हंजी मी..."

"तू न्हाई. तू लावलंस ते शोभा म्हणून लावलंस. हा पुसाय निघाला हुता. मी पुसू दिलं न्हाई."

"अण्णा, राहू दे की ते," मंजुनाथ म्हणाला.

"न्हाई राहू देत." हे महानंदा बोलली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने देवाप्पांसमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. आता तो खांद्यावर आला होता आणि तिला त्याचे भान नव्हते. "भावजी, तुमच्यापुढं मी कवा बोलले न्हाई. आज बोलते. ह्ये म्हणालं हुतं, दाढा तेवढ्या पुसतो म्हणून. मी आतनं चेष्टा केली, माझं बी चुकलंच. पन तुम्हाला लोखंड कळतंय की! मला कळत न्हाई, तुम्हाला कळतंय. मग तुम्ही का न्हाई ऐकलं? धाकटा बोलला म्हणून?"

देवाप्पांना उत्तर होते, आणि ते तिनेच दिले होते. गल्लीच्या तोंडाशी रिक्षेचा भोंगा वाजला. श्वेताने पुढे होऊन मंजुनाथला उजव्या दंडाला धरून उठवले.

"मी जाते यांच्यासोबत, काका. गाडीचं टेन्शन घेऊ नका. आईला मी कॅब करून देईन."

केळीचा खुंट बांधलेली ती रिक्षा तिघांना घेऊन गेली. देवाप्पा एकटेच उरले.

सुटलेली दाढ, ताणलेली साखळी, वर उचललेली गाडी, सारे तसेच होते. स्प्रिंग असे टांगून ठेवणे बरे नव्हते. त्यांनी जॅक किंचित खाली घेऊन गाडी स्टँडवर नीट टेकवली, आर्मखाली लाकडी ठोकळा सारला आणि तेथेच बसून राहिले. बाहेरच्या शिकंज्याचा दांडा सैल करून जुनी स्प्रिंग उतरवता आली असती. नवी चढवताही आली असती. आज ना उद्या ती कोणीतरी चढवायलाच हवी होती. आपल्या बोटांनी साखळी ओवली, मग पानाही चालवतील, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी पाना घेतला, पुठ्ठ्यावर बसून दांड्याला लावला. गल्लीतून बन्नीची, म्हणजे शमीची, पाने सोने म्हणून वाटत जाणारी माणसे दारातून डोकावून नमस्कार करीत होती. ते मान हलवीत होते, पण त्यांचे कान भिंतीवरच्या फळीवर ठेवलेल्या मोबाइलकडे होते.

तो वाजला तेव्हा पाना त्यांच्या हातातून निसटला.

"भावजी, हाड मोडलेलं न्हाई." महानंदेचा आवाज अजून रुसलेला होता, पण त्यात श्वास परत आला होता. "फोटो काढला. नस दबलीया म्हणाले डॉक्टर. अंगठा यायला दिवस लागतील, पन येईल म्हणाले. थांबा, ह्येंला बोलायचंय."

काही क्षण नुसती खुडबुड ऐकू आली. मग मंजुनाथ म्हणाला, "अण्णा, काय कराललास?"

"काय न्हाई. बसलोय."

"खोटं बोलू नको. हातात पाना हाय न्हवं?"

देवाप्पांनी पुठ्ठ्यावर पडलेल्या पान्याकडे पाहिले.

"ठेव तो. त्या स्प्रिंगेला हात लावू नको. मी आल्याबिगर गाडीखाली जायचं न्हाई. मी काठाशी बसून सांगीन, तू करशील, पन मी सांगीन तसं. कळालं का?"

चाळीसएक वर्षांत या धाकट्याने असा हुकूम कधी सोडला नव्हता. देवाप्पांनी पाना उचलून बाजूला ठेवला.

"कळालं," ते म्हणाले. "कवा येतोस?"

"बँडेज बांधालेत. येतोच. जेवलास का?"

"न्हाई."

"मग जेव आधी."

देवाप्पांनी बरे म्हटले, मोबाइल फळीवर ठेवला आणि आत जाऊन पानावर वाढून ठेवलेल्या अन्नापुढे मांडी घातली. पहिला घास हातात घेतला तेव्हा त्यांची बोटे पुन्हा थरथरू लागली. भाताची शिते पानावर सांडली. त्यांनी ती एकेक करून वेचली आणि खाऊ लागले.